ग्रुपवर आलेली बातमी: नव्या वार्ताहरासाठी, पडताळणीपासून नोटिशीपर्यंत

तालुक्याला नव्यानं वार्ताहर झालात की पहिल्या आठवड्यातच तुमचा नंबर पन्नास ग्रुपांत जाऊन पडतो. गावाचा ग्रुप, पक्षांचे ग्रुप, पोलिस ठाण्याचा पत्रकारांसाठीचा ग्रुप, दूध संघाचा, तालमीचा. सकाळी डोळे उघडायच्या आत 'दादा, ही बातमी लावा' म्हणत चार व्हिडिओ येऊन बसलेले असतात. तेवढ्यात डेस्कचा फोन येतो, "अमक्या चॅनेलला लागलंय, आपल्याकडं का नाही?" खरी कसोटी त्या फोननंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत असते.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात मी बरीच वर्षं बातमीदारी केली, मग जिल्हा डेस्कवर बसलो. नवी पोरं रुजू झाली की तेच तेच प्रश्न विचारतात: व्हिडिओ खरा कसा ओळखायचा, पोस्ट उडाली तर काय करायचं, पोलिस मोबाईल मागायला आले तर द्यायचा का. त्यांना तोंडी सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय. दैनिकाचा वार्ताहर असो, गावचं यूट्यूब चॅनेल असो की एकट्यानं चालवलेलं पोर्टल, पायऱ्या त्याच. मी वकील नाही. कायद्याबद्दल लिहिलंय ते कामापुरतं आहे.

आधी हाताशी काय हवं

- शंभर पानी वही, पानांना क्रमांक घातलेली. हे सगळ्यात महत्त्वाचं. पुढं पायरी ५ बघा.
- मोबाईलमध्ये गूगल लेन्स. लॅपटॉप मिळत असेल तर इनव्हिड-वीव्हेरिफाय हे ब्राउझरमध्ये बसणारं फुकट साधन. ते व्हिडिओच्या चौकटी सुट्या करून देतं.
- टिनआय आणि यांडेक्स. फोटो किंवा व्हिडिओची चौकट टाकली की ती आधी कुठं आली होती ते शोधणारी संकेतस्थळं. गूगलला सापडत नाही ते यांडेक्सला सापडतं, असं बऱ्याचदा होतं.
- गूगल अर्थ, लॅपटॉपवरचं. त्यात जुन्या तारखांची उपग्रह छायाचित्रं बघता येतात.
- वेबॅक मशीन हे संकेतस्थळ, इंटरनेटवरच्या पानाची प्रत जपून ठेवण्यासाठी.
- सिग्नल ॲप.
- गावोगावच्या पोलीस पाटलांचे, तलाठ्यांचे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), आशाताईंचे, पेट्रोल पंपवाल्यांचे आणि रस्त्याकडेच्या चहावाल्यांचे नंबर. या यादीशिवाय वरची सगळी साधनं पांगळी.

१. पाठवणारा म्हणजे साक्षीदार नव्हे

व्हिडिओ आला की पहिला प्रश्न एकच: "हे तुम्ही स्वतः काढलंय का?" नव्वद टक्के वेळा उत्तर 'नाही, दुसऱ्या ग्रुपवर आलं' असंच येणार. मग त्याला कुणी पाठवलं ते विचारा, त्याच्यापुढचा कोण ते विचारा. साखळी दोन-तीन कड्यांत तुटली तर तो व्हिडिओ अनाथ. अनाथ व्हिडिओवरून बातमी होत नाही, फार तर चौकशी सुरू होते.

व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण दिसली, तर तो संदेश किमान पाच हातांतून फिरून आलाय असं समजा. पण खूण नसली म्हणून निर्धास्त होऊ नका. व्हिडिओ गॅलरीत उतरवून नव्यानं पाठवला की ती खूण जाते.

मूळ काढणारा सापडला तर त्याच्याकडून मूळ फाइल मागा, आणि ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि कधी, कुठं, कुठल्या मोबाईलनं काढला ही आतली माहितीही काढून टाकतं.

इतका खटाटोप कशाला, असं वाटलं तर राईनपाडा आठवा. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्या दिवसांत धुळे-मालेगाव भागात फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एकात लहान मुलांचे मृतदेह ओळीनं दिसत होते. ते २०१३ च्या सीरियातल्या रासायनिक हल्ल्यातले होते. देशभर फिरलेला दुसरा, दुचाकीवरून मूल उचलून नेण्याचा व्हिडिओ, कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जनजागृतीपटातून कापलेला होता. मूळ चित्रफितीत शेवटी तेच दुचाकीवाले मूल परत आणून देतात आणि फलक दाखवतात; कापणाऱ्यानं नेमका तेवढाच भाग उडवला. पत्रकारांनी या अफवा उठवल्या नव्हत्या. पण 'परिसरात टोळीची चर्चा' अशा दोन ओळी कुठल्याही पानावर बिनधास्त लागतात, आणि गावात त्याच ओळींचं कात्रण पुरावा म्हणून दाखवलं जातं.

२. जागा आणि वेळ वेगवेगळी सिद्ध करा

नवख्यांची गल्लत इथं होते. जागा बरोबर निघाली की ते थांबतात. आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये फिरणारे बहुतेक पुराचे व्हिडिओ खरे असतात, कोल्हापूरचेच असतात, फक्त २०१९ चे किंवा २०२१ चे असतात.

समजा व्हिडिओ आलाय: महामार्गावर पाणी, ट्रकांची रांग, खाली मजकूर 'शिरोली, आत्ताची परिस्थिती, राधानगरीचे सगळे दरवाजे उघडले'. तीन दावे आहेत, तिन्ही सुटे करा.

जागा. व्हिडिओ थांबवून थांबवून बघा. दिशादर्शक फलक, दुकानाच्या पाट्या, पाटीवर मराठी आहे की कन्नड, गाड्यांचे क्रमांक. एमएच ०९ कोल्हापूर, एमएच १० सांगली, केए २३ म्हणजे चिकोडीकडं. एसटी दिसली तर पाटीवरचं गाव वाचा. आवाजही ऐका. मागं कुणी "लै पाणी आलंय गा" म्हणतोय की "हाव ना बे" म्हणतोय, यावरून सांगली की नागपूर हे कुठल्याही सॉफ्टवेअरआधी कळतं. मग गूगल अर्थवर पूल, टाकी, मंदिराचा कळस, कमान जुळवा.

वेळ. रस्ता बदललेला असतो. सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम सुरू झाल्यावर महामार्गाची कडा ओळखू येत नाही इतकी बदलली. व्हिडिओत त्या कामाची खूणच नसेल तर तो जुना. निवडणुकीचे बॅनर, सिनेमाची पोस्टरं, गणपती मंडळाच्या कमानीवरचं वर्ष, सगळं वाचा. ऊन असेल तर सावल्यांवरून सनकॅल्क या संकेतस्थळावर साधारण वेळ काढता येते. पुराच्या ढगाळ दिवसांत मात्र त्याचा उपयोग शून्य.

दावा. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि मिटतात. त्यामुळं 'धरण सोडलं' ही भाषाच चूक. कोणत्या क्रमांकाचा दरवाजा किती वाजता उघडला, ही माहिती जिल्हा प्रशासन देतं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. हे आकडे तोंडपाठ ठेवा. बंधाऱ्यावर ३४ फूट पाणी असताना महामार्ग बुडालेला दाखवणारा व्हिडिओ आला, तर फोन उचलायच्या आधीच तुम्हाला संशय यायला पाहिजे.

आणि मग फोन उचला. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आहेच, पण आधी जागेवरचा माणूस. त्याला "पूल बुडालाय का?" असं विचारू नका. त्यानंही तोच व्हिडिओ बघितलेला असतो, तो 'हो' म्हणणार. "तुम्ही आता कुठं उभे आहात? तिथून काय दिसतंय?" असं विचारा. 'मी घरी आहे, पण बुडालाय म्हणतात' असं उत्तर आलं की ते सोडून द्या. दोघांनी एकाच ग्रुपवर वाचून सांगितलं तर ते दोन नव्हे, एकच सूत्र.

३. सरकारी कागदाला भुलू नका

पावसाळ्यात एक कागद हमखास फिरतो: 'उद्या सर्व शाळांना सुट्टी', जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्यासह. बहुतेक वेळा तो गेल्या वर्षीचाच आदेश असतो, तारीख तेवढी बदललेली. बघायचं काय? वार आणि तारीख जुळतात का, ते कॅलेंडरात बघा. बनवणारे इथंच फसतात. तारखेचे आकडे बाकीच्या आकड्यांपेक्षा जाड किंवा तिरके आहेत का. जावक क्रमांकात कुठलं वर्ष आहे. सहीखाली 'जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण' असं पद आणि सध्याच्याच अधिकाऱ्याचं नाव आहे का. बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या सहीनं सुट्टी जाहीर झालेली मी पाहिली आहे.

शासन निर्णयाची खात्री आणखी सोपी. शेवटच्या परिच्छेदात 'त्याचा संकेतांक ... असा आहे' अशी ओळ असते आणि पुढं लांबलचक आकडा. त्या आकड्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी असते. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या विभागात तो टाका. निघाला तर खरा. संकेतांकच नसेल, किंवा कागदाचं फक्त पहिलं पान फिरत असेल, तर पाणी कुठंतरी मुरतंय.

नावापुढची निळी खूण बघून खातं खरं मानायचे दिवस गेले. एक्सवर ती आता पैसे भरून मिळते. खातं कधी उघडलं, पूर्वीच्या पोस्ट कशाबद्दल आहेत, नाव कितीदा बदललं, हे बघा.

४. बनावट आवाज, बनावट चेहरा

यावर फार लिहीत नाही, कारण आज सांगितलेली खूण उद्या निकामी होते. बोटं मोजा, ओठ बघा, हे सल्ले आता पुरत नाहीत. 'एआय आहे की नाही' सांगणारी फुकट संकेतस्थळं तर एकाच क्लिपबद्दल दोन उत्तरं देतात. जुना रस्ताच भरवशाचा: नेता बोलला असेल तर कुठल्या सभेत, किती तारखेला, तिथं दुसरा कॅमेरा होता का? स्थानिक निवडणुकीत मतदानाच्या आदल्या रात्री ऑडिओ क्लिप येते. समोरच्या उमेदवाराची प्रतिक्रिया घेतली म्हणजे पडताळणी झाली असं मानू नका. क्लिपच खोटी असेल तर प्रतिक्रिया घेऊनसुद्धा तुम्ही खोटंच पसरवलंत.

५. जे तपासलं ते वहीत उतरवा

आता वही. प्रत्येक वादग्रस्त बातमीसाठी एक पान: मजकूर कुठल्या ग्रुपवर, किती वाजता आला; मूळ शोधताना कुठवर पोचलात; कुणाला किती वाजता फोन केला, तो काय म्हणाला; कुठल्या चौकटी शोधून पाहिल्या, काय निघालं; संबंधिताला बाजू मांडायला कधी सांगितलं, उत्तर आलं की नाही. पोस्टचा स्क्रीनशॉट घ्या, पण त्यावरच विसंबू नका. पूर्ण दुवा लिहा आणि वेबॅक मशीनवर प्रत साठवा. फेसबुकची पानं तिथं नीट साठत नाहीत, त्यासाठी स्क्रीन रेकॉर्डिंग करा, त्यात खात्याचं नाव आणि घड्याळ दिसू द्या.

वहीचा कंटाळा येतो, मला माहीत आहे. पण अफवा पसरवल्याच्या आरोपाखाली पत्रकारावर लावलं जाणारं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३५३, जुन्या दंडसंहितेतलं ५०५. त्या कलमाच्या शेवटी अपवाद आहे: मजकूर खरा मानायला वाजवी कारण होतं, तो सद्भावनेनं आणि वाईट हेतूशिवाय दिला, तर गुन्हा होत नाही. हे 'वाजवी कारण' दोन वर्षांनी कोर्टात कशानं दाखवणार? "मी साहेब चौकशी केली होती" एवढ्यानं भागत नाही. वहीतलं पान, तारीख, वेळ, त्या दिवशीची कॉल यादी, हेच तुमचं वाजवी कारण.

मूळ व्हिडिओ-फोटो कापू नका, नाव बदलू नका. प्रत काढून प्रतीवर काम करा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा आकडी ठसा, लिहावं लागतं. संपादित फाइलचा ठसा मूळाशी जुळत नाही.

६. आणि हे वहीत कधीच लिहू नका

वही जप्त होऊ शकते. मोबाईलही. म्हणून ज्यानं जिवावर उदार होऊन कागद दिला त्याचं नाव, नंबर, पद, गाव यातलं काहीही वहीत नको. 'सूत्र क' एवढंच. क म्हणजे कोण हे डोक्यात. पडताळणीचा माग जपायचा आणि माणसाचा माग पुसायचा, ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध जातात. रोज कुठं ना कुठं ओढाताण होणारच. शंका आली तर माणूस वाचवा, पुरावा पातळ झाला तरी चालेल.

पत्रकाराला सूत्राचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही, असं ठामपणे सांगणारे ज्येष्ठ भेटतील. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात कलम १५ मध्ये तसं संरक्षण आहे खरं, पण ते फक्त प्रेस कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरतं. कोर्टासमोर आणि तपासात ते कामी येत नाही. तेवढ्या भरवशावर कुणाला शब्द देऊ नका.

सूत्र उघडं पडतं ते बहुतेक वेळा क्षुल्लक गोष्टींमुळं:

- जीपीएस मॅप कॅमेरा. ग्रामपंचायतीचा शिपाई, अंगणवाडी सेविका, रोजगार सेवक यांना कामाचे फोटो याच ॲपनं काढायची सवय असते. फोटोखाली अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ छापलेली. निकृष्ट बांधकामाचा फोटो असा आला आणि तसाच लावला, तर सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी तिथं कोण होतं हे सरपंचाला विचारावंच लागत नाही.
- टिपणीचा कागद. कार्यालयीन प्रतीवर कडेला पेन्सिलची खूण, पंचिंगची भोकं, वाकडी सही. एका टेबलावरचीच प्रत तशी असते. कागद पडद्यावर दाखवायचा मोह आवरा. मजकूर टाइप करून द्या, आणि तोच कागद माहिती अधिकारात उघडपणे मिळवता येतो का बघा.
- मोबाईलच्या मार्करनं खोडणं. गॅलरीतला मार्कर बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचा नंबर वाचता येतो. पीडीएफवर काळी पट्टी टाकली तरी खाली मजकूर तसाच राहू शकतो. घट्ट काळा चौकोन टाका, मग त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो वापरा.
- बॅकअप. सूत्राशी गप्पा पुसल्या, पण व्हॉट्सॲपचा बॅकअप ड्राइव्हवर बसलाय. सेटिंगमध्ये बॅकअपलाही एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावता येतं, ते लावा. दोन टप्प्यांचा पिन लावा. लॉक स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसू देऊ नका.

नाजूक बोलणं सिग्नलवर, संदेश ठरावीक वेळानं आपोआप पुसले जातील असं ठेवून करा. तिथं आता वापरकर्तानाव घेता येतं, समोरच्याला नंबर द्यावा लागत नाही. सूत्र पन्नाशीचा कारकून असेल आणि सिग्नल म्हटल्यावर घाबरत असेल, तर एसटी स्टँडवर चहाला भेटा. मोबाईल दोघांनीही घरी ठेवायचे.

७. लोकांची अब्रू तुमच्या कॅमेऱ्यात आहे

व्हायरल झालंय म्हणजे आता कुणाचंच राहिलं नाही, हा समज सर्वांत घातक. अत्याचारपीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. बालकांबाबत पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४. हे शेवटचं कलम गुन्ह्यात सापडलेल्या मुलालाही संरक्षण देतं, फक्त पीडित मुलालाच नव्हे. 'ग्रुपवर आधीच नाव आलं होतं' हा बचाव नाही.

नाव न देता ओळख देण्यात आपण पटाईत आहोत. 'अमुक गावातील, तमुक हायस्कूलमध्ये नववीत शिकणारी, वडील साखर कारखान्यात कामाला.' बाराशे वस्तीच्या गावात याला नाव दिलं नाही असं म्हणायचं? बातमी लिहून झाल्यावर स्वतःला विचारा: हे वाचून शेजारच्या घराला कळेल का? कळत असेल तर तपशील गाळा. आरोपीच्या घराचा फोटोसुद्धा पीडितेकडं बोट दाखवतो, कारण आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो.

शेतकरी आत्महत्येच्या बातमीत घरच्यांचा आक्रोश दाखवणारा व्हिडिओ, अपघातात मोबाईलवर काढलेले मृतदेह, दवाखान्यातल्या केसपेपरचा फोटो, अनुदानाच्या यादीत आधार आणि खाते क्रमांक. यातलं काहीही जसंच्या तसं लावू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये पत्रकारितेसाठी स्वतंत्र सवलत नाही, आधीच्या मसुद्यांत ती होती. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं आहे. याचा फटका बातमीदारीला नेमका किती बसेल हे पुढं दिसेलच. पण नको ती माहिती साठवून ठेवायची सवय आत्ताच मोडा.

८. पोस्ट उडाली, व्हिडिओ दिसेनासा झाला

आधी कुणी उडवला ते शोधा. रस्ते तीन आहेत, आणि तिन्हींची उत्तरं वेगळी.

अ) प्लॅटफॉर्मनं स्वतः. अपघाताचं दृश्य 'हिंसा' म्हणून, किंवा विरोधकांच्या ट्रोलांनी मिळून तक्रारी केल्या म्हणून. तिथल्या तिथं अपील करा. दाद मिळाली नाही तर प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडं, आणि त्याच्या निर्णयानंतर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन जाता येतं.

आ) कॉपीराइट. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याच्या ताकिदी) म्हणजे चॅनेलच जाऊ शकतं. घाबरून व्हिडिओ डिलीट करू नका, त्यानं स्ट्राइक जात नाही. चालू घडामोडीच्या वार्तांकनासाठी वाजवी वापर करायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. तुम्ही नऊ सेकंद वापरून त्यावर स्वतःचं वार्तांकन केलं असेल तर प्रतिदावा करा. दुसऱ्याचा पूर्ण बुलेटिन उचलून वर आपला लोगो चिकटवला असेल, तर मात्र मुकाट्यानं तडजोडीचं बघा.

इ) सरकारी आदेश. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालचे, मजकूर रोखण्याचे आदेश गोपनीय असतात, प्रत तुम्हाला सहसा मिळत नाही. कलम ७९ खालच्या, प्लॅटफॉर्मला मजकूर काढायला सांगणाऱ्या सूचना आता जास्त येतात. ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीनं अशी सूचना देणारा अधिकारी सहसचिव किंवा तत्सम, आणि पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या खालचा नसावा, सूचनेत कारण आणि नेमका दुवा असावा, असं ठरलं. ठाण्यातून आलेला 'ती पोस्ट काढा, साहेब चिडलेत' हा संदेश म्हणजे आदेश नव्हे. नम्रपणे उत्तर द्या: "लेखी द्या, कलम लिहून द्या." निम्म्या वेळा विषय तिथंच संपतो. प्लॅटफॉर्मकडून 'कायदेशीर विनंतीवरून' असा ईमेल आला तर तो जपून ठेवा, वकिलाला पहिला तोच लागतो.

केंद्राच्या कारभाराबद्दलचं खरं-खोटं सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटनं ठरवायचं, अशी तरतूद २०२३ मध्ये आली होती. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द ठरवली. तेव्हा 'फॅक्ट चेकनं खोटं ठरवलंय' असं कुणी दरडावलं तर त्यांचं म्हणणं वाचा, त्यात तथ्य असेल तर दुरुस्ती लावा, पण त्याला आदेश समजू नका.

बातमी खरोखरच चुकली असेल, तर गुपचूप उडवणं सगळ्यात वाईट. वर 'दुरुस्ती' म्हणून वेळेसह लिहा. स्क्रीनशॉट विरोधकांकडं असतोच.

९. नोटीस आली, पोलिस आले

नोटिशीवरची कलमं आधी वाचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं जुनं कलम, दिसलं तर लगेच बोट ठेवा. बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतर २०१२ मध्ये फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला ते कलम घटनाबाह्य ठरवलं. तरीही नंतर बरीच वर्षं ठाण्यांत ते लावलं जात होतं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलंय. पण म्हणून ती बघून न बघितल्यासारखं करू नका. वकिलाकरवी उत्तर द्या. रीतसर नोटीस आल्यावर न जाणं अंगाशी येतं.

मोबाईल मागितला तर? तोंडी मागणीवर देऊ नका, लेखी आदेश मागा. जप्तच करत असतील तर हुज्जत घालू नका, झटापट तर नाहीच. जप्तीचं चित्रीकरण त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे पोलिसांनीच करायचं असतं, ते होतंय ना बघा. पंचनाम्यात मोबाईलचा आयएमईआय (प्रत्येक मोबाईलचा स्वतंत्र क्रमांक), सिम, मेमरी कार्ड आणि जमलं तर हॅश मूल्य लिहून घ्यायला सांगा. प्रत घ्या, मगच सही करा. आणि तो मोबाईल गेल्यावर उद्या बातमी कशी पाठवणार, सूत्रांना कसं कळवणार, हे आधीच ठरलेलं असू द्या.

१०. नेट बंद झालं तर

जून २०२३ मध्ये आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापुरात तणाव झाला आणि इंटरनेट बंद झालं. अशा वेळी अफवा थांबत नाहीत, फोनवरून तोंडी फिरतात. उलट पडताळणीची साधनं तेवढी बंद पडतात. म्हणून महत्त्वाचे नंबर कागदावर असावेत, डेस्कला साध्या फोनवर बातमी सांगायची सवय असावी, एसएमएस चालतात हे लक्षात असावं. नेटबंदीचा आदेश लेखी असतो आणि तो जाहीर करणं बंधनकारक आहे. त्याची प्रत मागा, कुठल्या भागात किती वेळ ते छापा. त्या दिवशी लोकांना तीच बातमी हवी असते.

११. धमकी आली तर

कमेंटमधल्या शिव्या आणि धमकी यात फरक करायला शिका. 'तुझ्या घराचा पत्ता माहीत आहे', मुलांच्या शाळेचं नाव, गाडीचा नंबर, यातलं काही आलं तर ती धमकीच. त्याच दिवशी ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या, संपादकाला कळवा. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ ला गाडीखाली चिरडलं, त्यांनी लिहिलेली बातमी त्याच दिवशी छापून आली होती. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात उपचार सुरू असताना ते गेले.

पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, तो ८ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याकडं देता येत नाही. फिर्याद देताना हा कायदा लावा असं स्वतः सांगा, कारण ठाणे अंमलदाराला तो बहुधा आठवत नाही. मेख अशी की हा कायदा प्रसारमाध्यम संस्थेत नेमलेल्या पत्रकाराची व्याख्या करतो. एकट्यानं चॅनेल चालवणाऱ्याला तो लागू होतो का, यावर वाद घातला जातो.

त्यासाठी ही कागदं एका फायलीत तयार ठेवा, एक संच घरी आणि एक वकिलाकडं:

- नेमणूकपत्र. नुसतं ओळखपत्र चालत नाही, त्यावर बऱ्याचदा 'मानधन तत्त्वावर' एवढंही लिहिलेलं नसतं. संपादकाकडून पत्र मागून घ्या, लाजू नका.
- मानधन जमा झाल्याच्या बँक नोंदी आणि गेल्या वर्षभरातली तुमच्या नावाची कात्रणं.
- स्वतःचं पोर्टल असेल तर उद्यम नोंदणी, डोमेनची पावती, तक्रार निवारणासाठी दिलेलं नाव आणि ईमेल.
- सही केलेलं कोरं वकीलपत्र, ओळखीच्या वकिलाकडं.
- जामीन राहू शकेल अशा एका माणसाचा सात-बारा किंवा घरपट्टीची पावती. त्या माणसाला आधी विचारलेलं असावं, आणि तो गावातल्या राजकारणात नसावा.